कॅरिअरची वरात

आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात बारा महिने एकच विषय चालतो, आणि तो म्हणजे मुलांचे करिअर. कोणाचे चिरंजीव संगणकात शिरलेले असतात, कोणाची कन्या परदेशी निघालेली असते. अशा त्या कक्षात २०२३ सालच्या दसऱ्यानंतर एका सोमवारी मी शिरलो आणि खुर्चीत अंग टाकून म्हणालो, “चला, कॅरिअरचा प्रश्न सुटला बुवा एकदाचा!”

चार-पाच हात अभिनंदनासाठी पुढे आले. “वा! वा! कोठे मिळाला?”

“साताऱ्याला. अडीच हजारांत.”

हात जागच्या जागी थांबले. मग मला खुलासा करावा लागला की, माझ्या मुलाच्या करिअरचा प्रश्न अजून होता तसाच आहे; सुटला आहे तो माझ्या मोटारीच्या टपावर बसवायच्या कॅरिअरचा. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. परंतु त्या हसण्याच्या खाली आदल्या दिवशीची एक गोष्ट दडलेली होती, आणि ती मी त्या दिवशी कोणाला सांगितली नाही. ती आज सांगतो.

त्याचे असे झाले की, आमच्याकडे एक मोटार आली. जिला हल्ली एस. यू. व्ही. म्हणतात तशी, उंच, रुंद आणि सात माणसे बसतील अशी. एका हातावरून उतरलेली होती, पण प्रकृतीने ठणठणीत होती. तिच्या जाहिरातीत सात माणसे हसत बसलेली मी पाहिली होती. त्या सातांपैकी एकाजवळही सामान नसते, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला मात्र गाडी विकत घ्यावी लागली. मागची तिसरी रांग उघडून बसली की तिच्यापाठीमागे जी जागा उरते, तीत एक मध्यम आकाराची पिशवी आणि एक छत्री राहते. छत्री आडवी ठेवायची नाही.

दिवाळीत कोकणात जायचे ठरले होते. आम्ही चौघे, माझे वडील तात्या, बहीण आणि मेहुणे मिळून बरोबर सात. सौ.ने यादी केली आणि चष्मा कपाळावर चढवून ती म्हणाली, “अहो, सात माणसं आणि एक पिशवी? नुसता फराळाचा डबाच एक माणूस धरून चालावा लागतो.”

“मग एक माणूस कमी करू.”

“कोणता?” तिने विचारले. तिने ज्या नजरेने विचारले तीवरून कोणता माणूस कमी होईल याचा अंदाज मला आला, आणि टपावर कॅरिअर बसवायचा ठराव एकमताने संमत झाला.

नव्या कॅरिअरच्या किमती ऐकून मी जुन्याचा शोध सुरू केला. साताऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली जुन्या धाटणीची जीपवजा गाडी काढून टाकली होती, पण तिचा कॅरिअर अंगणात तसाच उभा होता. त्यावर ते कारल्याचा वेल चढवीत असत. लोखंडी नळ्यांचा, सहा फूट दोन इंच लांब, चार फूट रुंद, कडेला वीतभर उंचीचा कठडा. भंगारवाल्याने तो तोलून पाहिला होता. वजन भरले होते २८ किलो. किलोवर विकण्याऐवजी कोणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून त्यांनी अडीच हजारांना द्यायचे कबूल केले. तात्या साताऱ्यालाच राहतात, दिवाळीसाठी त्यांना पुण्यास आणायचेच होते. एका रविवारी एका खेपेत दोन्ही कामे होतील, असा हिशेब करून मी आणि चिरंजीव निघालो. चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत, त्यामुळे तांत्रिक बाजू भक्कम होती.

आता वाचक विचारतील की, कॅरिअर हा टपावर बसवायचाच असतो, तर तो तेथेच बसवून का आणला नाही? हाच प्रश्न मी घरून निघताना मनाशी सोडवून टाकला होता. परंतु अंगणातला वेल सोडवून कॅरिअर आडवा केला तेव्हा चिरंजीवांनी त्याच्या पायांकडे बोट दाखवले.

“बाबा, हे पाय आपल्या गाडीला बसणार नाहीत.”

गंमत अशी आहे की, पूर्वीच्या मोटारींना टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी पत्र्याची बारीक पन्हळ असे. अँबॅसडर आठवा, प्रीमियर पद्मिनी आठवा. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत टेकायचे, खालून चिमटा लावायचा आणि बोल्ट पिळायचे, की काम झाले. पुढे गाड्यांची अंगे गुळगुळीत झाली आणि ती पन्हळ गेली. आमच्या गाडीला तिच्या जागी दोन लांब दांड्या आहेत. त्यांना रेल म्हणतात. रेलवर बसणारे पाय वेगळे. ते पुण्यास मिळणार होते. म्हणजे काय झाले? ज्याच्यावर ओझे लादायचे तोच आमचे पहिले ओझे झाला!

आधी तो गाडीच्या आत घालून पाहिला. आडवा जाईना. तिरपा केला तर अर्ध्यावर जाऊन चाकावरच्या उंचवट्याला अडे. शिवाय तो आत गेला असता तर तात्यांना कोठे बसवायचे, हा प्रश्न होताच. अखेर टपावर बांधून नेण्याला पर्याय राहिला नाही.

एव्हाना अंगणात माणसे जमली होती. आपल्याकडे कोणतीही वस्तू बांधायला काढली की सल्लागार आपोआप उगवतात. एकाने सांगितले, उलटा ठेवा. पाय वर येऊ द्या. दुसऱ्याने सांगितले, सुलटा ठेवा, उलटा अपशकुनी दिसतो. तिसऱ्याचे मत पडले की, पाय कापूनच टाका. रांजणात डोके अडकलेल्या वासराची मान कापायला सांगणारा उंटावरचा शहाणा मी वर्गात अनेकदा शिकवला आहे. तो सातारा शहरात राहतो हे मला ठाऊक नव्हते.

आम्ही तो उलटा ठेवला. खाली घालायला काही आणले नव्हते म्हणून माझा टॉवेल दुमडून घातला. मग चिरंजीवांनी यजमानांकडून सुतळीचा गुंडा घेतला, चारही दारांच्या काचा खाली केल्या आणि एका खिडकीतून आत, दुसऱ्या खिडकीतून बाहेर, टपावरून परत आत असे सात-आठ वेढे मोठ्या झोकात मारले. गाठ आवळली. काम इतके देखणे झाले की मंडळींनी माना डोलावल्या.

“चला,” म्हणून मी दार उघडायला गेलो. दार उघडेना.

चारही दारे खिडक्यांतून गेलेल्या सुतळीने टपाशी जखडली गेली होती. गाडीत शिरायचे असेल तर मला खिडकीतून शिरावे लागणार होते. माझे वय सत्तेचाळीस आणि देहाचा घेर प्राध्यापकाला साजेसा. मंडळींपैकी एकाने “मी मागून लोटतो” अशी तयारी दाखवली; ती मी आभार मानून नाकारली. सुतळी कापली. वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग आला तर एवढे ध्यानात ठेवावे की, दोरी आतून न्यायचीच असेल तर दारे उघडी ठेवून चौकटीतून न्यावी आणि मग दारे लावावीत. खिडकीतून नेऊ नये.

मग चिरंजीवांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. स्कूटरच्या मागे पिशवी बांधायला ज्या रबरी, ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या मिळतात, दोन्ही टोकांना लोखंडी आकडे असलेल्या, तसल्या चार त्यांनी बरोबर आणल्या होत्या. कॅरिअरच्या नळीत एक आकडा, रेलमध्ये दुसरा. दोन मिनिटांत चार कोपरे पक्के झाले. मी हलवून पाहिले. कॅरिअर हलला आणि पुन्हा जागेवर आला. “पाहिलंत? लवचीक आहे,” चिरंजीव म्हणाले. मलाही तो गुणच वाटला.

तात्यांकडे जेवायला गेलो. तात्या आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत असे मी त्या दिवशी कोणाला सांगितले असते. १९६७ पासून २००३ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्यांनी एस. टी.त कंडक्टरकी केली. ते बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, एक रबरी दोरी बोटाने छेडून पाहिली आणि विचारले, “हे कुठवर न्यायचंय?”

“पुण्याला, तात्या. दोन तासांचा तर रस्ता.”

“रबर आहे हे. हे ताणतं. जे ताणतं ते बांधत नाही.” आणि ते घरात जाऊन नायलॉनच्या दोराचे एक वेटोळे घेऊन आले. अंगठ्याएवढा जाड, चांगला वीस हात लांब. नोकरी सुटली तरी त्यांची दोर जवळ बाळगण्याची सवय सुटलेली नाही. जुना झिजला की नवा घेतात.

मला घाई होती. आणि खरे सांगायचे तर, चारचौघांत त्या दोराने गाडी गुंडाळून महामार्गावरून जायची थोडी लाजही वाटली. मी म्हणालो, “तात्या, आता कोणी असं बांधत नाही. हल्ली सगळं याच दोऱ्यांवर चालतं.”

तात्या काही बोलले नाहीत. दोराचे वेटोळे त्यांनी आपल्या पायांशी ठेवले, मागच्या आसनावर बसले आणि आम्ही निघालो.

आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत सारे ठीक होते. भुईंज गेले, सुरूर मागे पडले. रस्ता मोकळा होता आणि काटा ऐंशीच्या घरात होता. मग टपावरून एक गुणगुण ऐकू येऊ लागली. वारा ताणलेल्या दोरीवरून वाहू लागला की ती वाजते, तशी. “आजोबा, संगीत ऐका,” चिरंजीव म्हणाले. तात्यांनी हात वर करून काचेवर बोटाच्या पेराने एकदा टकटक केले.

ही खूण मला लहानपणापासून ठाऊक आहे. एस. टी.त घंटेचा एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला. त्यांनी एक टोल दिला होता. मी तो ऐकला, आणि बोगदा ओलांडून थांबू असे मनाशी म्हणून पुढे गेलो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही ड्रायव्हरने त्यांचा टोल असा डावलला नसेल.

खंबाटकी घाटात साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी वाहने त्या वेळी बोगद्यातून जात. बोगद्याबाहेर पडले की उतार लागतो आणि लगेच नागमोडी वळण. तेथील अपघातांच्या बातम्या वर्तमानपत्रांत अनेकांनी वाचल्या असतील. आम्ही तोंडाशी आलो, बाहेरचा वारा एका बाजूने आदळला, आणि डोक्यावर “फाट्” असा आवाज झाला. कॅरिअरची पुढची कड मला समोरच्या काचेतून दिसली. जी वस्तू माझ्या डोक्यावर असायला हवी ती मला दिसत होती, यावरून ती किती उचलली गेली होती हे समजावे. ती पुन्हा आदळली. आरशात पाहिले तर मागे एक मोटारसायकल होती. पुरुष, त्याच्या पाठीशी स्त्री आणि दोघांच्या मध्ये एक लहान मूल.

वेग उतरवत, धोक्याचे दिवे लावून, गाडी कशीबशी वळणापलीकडे एका हॉटेलच्या अंगणात घेतली. उरलेल्या दोन दोऱ्यांनी तग धरला म्हणूनच हे लिहायला मी बसलो आहे. मोटारसायकल आमच्या मागोमाग आत आली. तिच्या दिव्याची काच फुटली होती. त्या गृहस्थाने खिशातून एक लोखंडी आकडा काढला, तुटलेल्या रबराचा तुकडा अजून त्याला लोंबत होता, आणि माझ्या हातावर ठेवला.

“साहेब, हा दिव्यावर बसला,” तो म्हणाला. “वीतभर वर बसला असता तर?”

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरे वाटले असते. त्याचे मूल माझ्याकडे टुकूटुकू पाहत होते. मी मराठीचा प्राध्यापक. शब्दांवर माझे पोट चालते. त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही. दिव्याचे पैसे मी देऊ केले. त्याने काचेपुरतेच घेतले, वरचे परत केले, आणि “नीट बांधा” एवढे बोलून तो गेला.

मी वळून पाहिले तो तात्या गाडीतून उतरले होते आणि दोराचे वेटोळे उलगडत होते. “मी म्हटलं होतं” हे वाक्य त्यांनी तेव्हाही उच्चारले नाही, आणि आजतागायत उच्चारलेले नाही.

“पोरा, चढ वर,” त्यांनी नातवाला सांगितले. “मला आता चढवत नाही. मी खालून सांगतो.”

पुढचा पाऊण तास मी एक धडा पाहिला. आधी त्यांनी हॉटेलवाल्याकडून चार जुनी गोणपाटे मागून घेतली आणि कॅरिअरखाली चार जागी दुमडून घालायला लावली. “ओझं आधी बसवायचं, मग बांधायचं. न बसलेलं ओझं कितीही बांधा, ते वाट काढतं.” कॅरिअर मध्यावर सरकवला. मग दोर नळ्यांतून ओवून दोन्ही रेलना आडवा दोन ठिकाणी. मग तिरपा, फुलीसारखा. “आडवा दोर ओझं खाली धरतो, फुलीचा दोर ते हलू देत नाही.” शेवटी पुढच्या कडेच्या दोन कोपऱ्यांतून दोराची दोन टोके खाली आणून गाडीच्या नाकाशी, खेचून नेण्यासाठी जी कडी असते तिच्यात. “वारा पुढून उचलतो. म्हणून नाक बांधल्याशिवाय गाडी सोडायची नाही.”

वर बसलेल्या चिरंजीवांना आता आपली विद्या आठवली. ते म्हणाले, “आजोबा, वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. चाळीसला जेवढा, त्याच्या चौपट ऐंशीला.”

“हिशेब आम्हांला ठाऊक नव्हता,” तात्या म्हणाले. “घाटमाथ्याला वारा असला की दोन वेढे जास्त, एवढं ठाऊक होतं.”

आणि मग गाठ. तात्यांनी दोराच्या मध्यावर एक फास केला, टोक खालच्या कडीतून घेऊन त्या फासातून वर ओवले आणि खाली ओढले. दोर तारेसारखा ताठ झाला. चिरंजीव टपावरून ओरडले, “अहो, ही तर कप्पी झाली!” खरोखरच ती कप्पीची युक्ती आहे. ज्या जोराने ओढावे त्याच्या जवळजवळ तिप्पट ताण बसावा. घर्षणात काही जातो, पण उरतो तोही पुष्कळ असतो. देशातला प्रत्येक मालट्रकवाला ही गाठ रोज मारतो आणि अभियांत्रिकीचे पुस्तक न उघडता मारतो.

शेवटच्या टोकाला तात्यांनी जी गाठ मारली ती पाहून मात्र माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. आपल्या भाषेत गाठीला दोन सुंदर शब्द आहेत: निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ बसली की सुटत नाही, ती नखांनी, दातांनी सोडवावी लागते. सुरगाठ ओझे असेपर्यंत घट्ट राहते आणि एक टोक ओढले की मोकळी होते. हा भेद मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. हाताने सुरगाठ मारायला मला त्या हॉटेलच्या अंगणात तात्यांनी शिकवले. तीन वेळा चुकलो.

पुढचा रस्ता आम्ही पन्नासाच्या वेगाने कापला. पाच-सात किलोमीटरवर एकदा आणि शिरवळला पुन्हा एकदा थांबून दोर तपासला, कारण नवा बांधलेला दोर पहिल्या काही मैलांत थोडा सैल पडतोच. पहिल्या खेपेस खरेच दोन बोटे सैल झाला होता. वाटेत तात्या बोलू लागले. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एस. टी. धावली, तेव्हा ते तीन वर्षांचे होते. पुढे ते नोकरीला लागले तेव्हा गाड्यांच्या टपावर कॅरिअर असे आणि मागे लोखंडी शिडी. वळकट्या, ट्रंका, गुळाच्या ढेपा, आंब्याच्या पेट्या, सायकली, कोंबड्यांच्या पाट्या. आडगावच्या थांब्यावर हमाल नसे, तेव्हा हे सारे त्यांनी चढवले, बांधले आणि उतरवले.

“कधी काही पडलं नाही, आजोबा?”

“एकदा. एक वळकटी. रिकामा रस्ता होता.” थोडे थांबून ते म्हणाले, “तरी महिनाभर झोप नव्हती.”

माझ्या हातात स्टिअरिंग होते आणि खिशात तो आकडा होता. त्या रात्री झोप मलाही आली नाही.

कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलाचा तो कुप्रसिद्ध उतार आम्ही खालच्या गिअरमध्ये, ब्रेक तापू न देता उतरलो. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तात्यांनी एक टोक ओढले. सारे दोर सळसळत मोकळे झाले. सौ.ने बाहेर येऊन पाहिले आणि म्हणाली, “एवढंसं आणायला एवढा वेळ?”

पुण्यात रेलवर बसणारे पाय मिळाले, कॅरिअर रंगवून बसवला. त्या निमित्ताने मी प्रथमच गाडीबरोबर आलेले पुस्तक वाचले. त्यात टपावर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते छापलेले असते. पुष्कळ गाड्यांत ते ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते, आमच्या गाडीत ७५ आहे. आणि यात कॅरिअरचे स्वतःचे वजन धरायचे असते! म्हणजे २८ गेले, उरले ४७. सौ.च्या यादीची बेरीज शंभराच्या पुढे होती. टपावर वजन चढले की गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती अधिक झुकते, म्हणून हा आकडा. जड वस्तू खाली, आसनांच्या पायांशी ठेवाव्या आणि टपावर हलक्या, फुगीर वस्तू द्याव्या. फराळाचा डबा आत आला आणि अंथरुणे वर गेली. प्रवास संपला की कॅरिअर उतरवून ठेवणेही शहाणपणाचे, कारण तो रिकामा असला तरी वारा अडवतो आणि इंधन जास्त जळते. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने, लादलेला माल वाहनाच्या बाजूंना, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीपलीकडे गेला तर २०,००० रुपये दंड ठेवला आहे. आमचे अडीच हजारांचे कॅरिअर होते.

तो ७५ चा आकडा वाचताना दुसरा एक आकडा मला आठवला. माणसाने किती ओझे उचलावे, यासंबंधी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली करार केला आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. आपल्याकडे बाजारपेठांतून शंभर-शंभर किलोंची पोती माणसांच्या पाठीवरून जात होती. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. त्या माथ्यावर पत्र्याच्या टपापेक्षा अधिक भार घालताना आपण कित्येक वर्षे कोणते पुस्तक उघडून पाहिले नाही. रेल्वे स्टेशनवर चुंबळ सारखी करून, दोन पेट्या एकमेकींवर नेमक्या बसवून हमाल चालू लागतो, तेव्हा आपण त्याच्या बळाबद्दल बोलतो आणि मजुरीची घासाघीस करतो. त्या दोन पेट्या तोलण्यात जी विद्या आहे, ती माझ्या डोळ्यांना दिसायला एक फुटका दिवा लागला. ती विद्या माझ्या घरात छत्तीस वर्षे नांदली. तिच्या पगारावर मी एम. ए. झालो, आणि चारचौघांत तिच्या दोराची मला लाज वाटली.

दिवाळीत आम्ही कोकणात गेलो. चिरंजीवांनी आता खटक्याने आवळायचे चांगले विणलेले पट्टे आणले होते. ते आजोबांना दाखवायला नेले. तात्यांनी ते उलटसुलट पाहिले, ताणून पाहिले, आणि “हे चांगले आहेत” असे मोकळ्या मनाने म्हटले. पण पट्टा लावताना त्याला मध्ये एक पीळ द्यायला सांगितले. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि घूं घूं करतो. एक पीळ दिला की गप्प बसतो. चिरंजीवांच्या चेहऱ्यावर मी पहिल्याने असे काही पाहिले, की आमच्या प्राध्यापक-कक्षात ते दिसते तर आम्ही सगळे अधिक चांगले शिकवू शकलो असतो.

सामान बांधून झाले. नाक बांधून झाले. सातही माणसे आपापल्या जागी बसली. मी गाडी सुरू केली, पण निघालो नाही. आरशात पाहत थांबलो.

तात्यांनी एकदा मान वाकवून खिडकीतून टपाकडे पाहिले, आणि मग काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केले.